मिस्त्रींचं हवाबंद कॅबिनेट

मुंगीने कॉम्प्युटरच्या सामानाची यादी बाबांच्या, म्हणजे सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली, पुन्हा सुलटी केली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवून जाहीर केलं, की या ओळीचा एक पैसाही आपण कुणाला द्यायचा नाही.

सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'कॅबिनेट'.

"कॅबिनेट विकत आणायचं? माझ्या घरात?" मिस्त्री म्हणाले. "तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?"

आता मिस्त्रींची बाजूही समजून घ्यायला हवी. यादीतल्या पहिल्या सहा ओळी त्यांना सर्वस्वी परक्या होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय. त्यातल्या 'बोर्ड'शी त्यांनी थोडी ओळख काढून पाहिली, पण तो प्लायवुडचा नसतो हे कळल्यावर तीही संपली. अशा अनोळखी गर्दीत एकदम आपल्या गावचा माणूस भेटावा तसं त्यांना ते कॅबिनेट भेटलं! मुंगीने समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरवाले ज्याला कॅबिनेट म्हणतात ती सगळे भाग बसवायची एक पेटी असते, पत्र्याची, आणि तिला एका बाजूने काच असते. मिस्त्री म्हणाले, पेटी तर पेटी, आणि पत्र्यापेक्षा लाकूड कधीही चांगलं. मुंगी यावर काही बोलली नाही. तशी ती कशावरच फारसं बोलायची नाही. घरात आली कधी, जेवली कधी, कॉलेजला गेली कधी, याचा पत्ता लागायचा नाही, म्हणून तर एकोणीस वर्षांची झाली तरी तिचं 'मुंगी' हे नाव सुटलं नव्हतं.

मुंगीला हा कॉम्प्युटर हवा होता तो खेळण्यासाठी. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरे पाच जण, समुद्रात एक बेट आणि बेटावर एक दीपगृह. ते दीपगृह ज्याच्या ताब्यात राहील तो जिंकला, असा तो खेळ. मुंगीच्या संघातले चौघे चार निरनिराळ्या शहरांत राहत होते आणि तिने त्यांना कधी समोर पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षं ती मामेभावाच्या कॉम्प्युटरवर खेळत आली होती. मामेभावाला दुसरीकडे नोकरी लागली आणि कॉम्प्युटर त्याच्याबरोबर गेला, मुंगीकडे उरला तो त्याचा जुना पडदा आणि कीबोर्ड. येत्या रविवारी दुपारी चार वाजता निवडीचा सामना होता. जिंकला तो संघ मोठ्या स्पर्धेत जाणार होता, आणि चार वाजता पाच जण हजर नसतील तर संघ तिथल्या तिथे बाद. दोन वर्षांचा सराव एका कॉम्प्युटरवाचून पाण्यात जायची वेळ आली होती, आणि आज सोमवार होता.

पैसे मुंगीने गणिताच्या शिकवण्या घेऊन साठवले होते. त्यात आईने भर घातली, मिस्त्रींनी घातली, आणि आकडा साठ हजारांवर येऊन थांबला. त्याच्या वर एक पैसा नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं. मुंगीने त्या साठ हजारांत सात भाग असे बसवले होते, की एकाला धक्का लागला तर उरलेले सहा गडगडले असते.

मिस्त्रींच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ते मुलीला म्हणाले होते, की हे खेळ म्हणजे वेळेचा भुसा आहे, रंधा मारला की उडतो तसा. पण त्या दिवसानंतर तिने घरात त्या खेळाचं नाव काढलं नाही. मिस्त्रींना ते फार लागलं होतं. ती यादी घेऊन आपणहून समोर आली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की त्या भरात त्यांनी रविवारच्या आत लंडनचा राजवाडाही बांधून द्यायचं कबूल केलं असतं.

मंगळवारी बापलेक दुकानात गेले. कॉम्प्युटरवाला हडकुळा, चष्मेवाला, हळू बोलणारा माणूस होता. बोलण्याची पद्धत डॉक्टरची, म्हणजे वाईट बातमीही तो सावकाश सांगे. त्याने एका करड्या पिशवीतून मदरबोर्ड बाहेर काढला आणि काचेच्या टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी चष्मा लावला. वाकले. आणि जे वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. तळहाताएवढ्या जागेत शेकडो रेघा एकमेकींना न भिडता वळत होत्या, कोपऱ्यावर सगळ्या मिळून वळत होत्या, कुठे एकही रेघ अंग चोरत नव्हती. बारीक खाचा होत्या आणि प्रत्येक खाच अशी, की तिच्यात तिचाच जोडीदार बसेल, तोही एकाच बाजूने. मिस्त्रींचं सगळं आयुष्य खाचा पाडण्यात गेलं होतं. अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा फरक राहिला तर ते फळी परत कापत, आणि त्यांना वाटे की जगात याहून नेटकं काम नाही.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, मशीनने. मिस्त्रींनी विचारलं, ते मशीन कुणी केलं? कॉम्प्युटरवाल्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने खूश होऊन प्रोसेसर दाखवला, काड्यापेटीएवढा चौकोन, आणि सांगितलं, की याच्या पोटात इतक्या बारीक रेघा आहेत की माणसाच्या एका केसाच्या जाडीत त्या हजारांनी मावतील. मिस्त्रींनी स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटला. तो बोटांत धरून ते कधी केसाकडे, कधी प्रोसेसरकडे बघत राहिले. मग त्यांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. आपल्याहून मोठ्या कारागिरापुढे उभं असल्यासारखं त्यांना झालं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण पेटीची रक्कम वाचली होती ना! पाच हजार वाचले होते. आणि वाचलेले पैसे माणसाच्या खिशात गप्प बसत नाहीत. कॉम्प्युटरवाल्याने सावकाश सांगितलं, की पाच हजार आणखी घालायचे असतील तर यादीतल्या ग्राफिक्स कार्डाऐवजी त्याच्या वरचं कार्ड येतं, खेळातलं चित्र दुप्पट सफाईने हलतं. मुंगीचे डोळे चमकले. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि कार्ड पक्कं केलं. ते कार्ड एका हाताने उचलेना. विटेपेक्षा लांब, तीन पंख्यांचं धूड!

"हे जरा तापतं हं," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"तापू दे," मिस्त्री म्हणाले. "आमच्या पेटीतून उष्णता बाहेर येणार नाही."

कॉम्प्युटरवाल्याला वाटलं, मिस्त्री विनोद करताहेत. तो मोठ्याने हसला. मिस्त्रींना वाटलं, त्याला पटलं. तेही हसले. दोन शहाणी माणसं समोरासमोर उभी राहून दोन वेगवेगळ्या गोष्टींवर हसली आणि गैरसमज कायम झाला.

निघताना त्याने पेटीसाठी पंखे दाखवले. मिस्त्रींनी विचारलं, हे बसवायचे कसे? भोक पाडून, तो म्हणाला. मिस्त्रींनी पंखे अदबीने परत केले. त्यांच्या पेटीला भोक? त्यांनी कोपऱ्यात मांडलेल्या पत्र्याच्या कॅबिनेटांकडे बोट दाखवलं. पुढे जाळी, मागे जाळी, डोक्यावर जाळी. यात पीठ चाळायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मुंगी काहीतरी सांगणार होती. पण बाबा आज पहिल्यांदा तिच्या जगात आले होते आणि तिथल्या प्रत्येक वस्तूकडे डोळे मोठे करून बघत होते. त्यांना अडवायचं तिच्या जिवावर आलं. शिवाय तिने मनाशी हिशेब केला, की लाकडाची पेटी आहे, तिला कुठे ना कुठे फटी राहणारच, तेवढी हवा पुरेल. जन्मापासून त्या घरात राहूनही मुलीने बापाला ओळखलं नव्हतं.

मिस्त्रींचा सगळा लौकिक फट न ठेवण्याचा होता. त्यांनी केलेल्या कपाटाचं दार लावलं, की आतली हवा 'हुफ्' करून बाहेर पडे आणि परत आत जायची सोय नसे. पाहणी करायची त्यांची रीत ठरलेली होती. कपाटात पेटता टॉर्च ठेवायचा, दार लावायचं, खोलीत अंधार करायचा आणि उजेडाची एक रेघ जरी बाहेर आली, तरी ते दार उतरवून पुन्हा करायचं. लोक म्हणत, मिस्त्रींच्या कपाटात ठेवलेला वास वर्षभराने तसाच परत मिळतो.

चार दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. एका डॉक्टरांचं पुस्तकांचं कपाट अर्धं पडलं होतं, ते तसंच उभं राहिलं. अकरा वर्षं जपून ठेवलेली सागवानाची एक फळी होती, आजवर कुठलंच गिऱ्हाईक त्या फळीच्या लायकीचं निघालं नव्हतं. ती त्यांनी काढली. एकही खिळा न मारता सगळे सांधे एकमेकांत अडकवले, डिंकाने पक्के केले. उजव्या बाजूला दार, दाराच्या कडेला चहूकडून लोकरीची पट्टी, पितळेची बारीक मूठ. मागे वायरी जायला वायरींच्या जाडीचंच भोक, त्यातही लोकर ठासलेली, की धुळीचा कण शिरायला नको. सहा हात पॉलिश मारलं.

शनिवारी सकाळी तिघं जण खोलीत जमली. तिसरी म्हणजे मुंगीची आई. ती पंचवीस वर्षं इस्पितळात नर्स होती आणि सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. सवयीने मिस्त्रीही चारचौघांत तिला सिस्टरच म्हणत, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळात पडे. मिस्त्रींनी टॉर्च आत ठेवला, दार लावलं, हवा 'हुफ्' करून बाहेर पडली. पडदे ओढले. खोलीत मिट्ट काळोख झाला. कुठूनही, कुठूनही उजेड येईना! आत टॉर्च जळतोय यावर विश्वास बसू नये इतका काळोख. सिस्टर म्हणाल्या, की हे काम खरंच थोर आहे. मुंगीही थक्क झाली. फक्त मागच्या भोकातली लोकर तिने एकदा बोटाने चाचपून पाहिली.

दुपारी तिने जोडणी सुरू केली, आणि आता थक्क व्हायची पाळी बाबांवर आली. ते तिच्याशेजारी स्क्रूंची वाटी घेऊन बसले होते. ती मागेल तो स्क्रू द्यायचा, एवढंच त्यांचं काम. मुंगीने रॅमची पट्टी खाचेत धरली, दोन अंगठ्यांनी दाबली, 'टक्' आवाज आला, तो ऐकून तिने मान हलवली आणि पुढे गेली. मिस्त्रींनी ती मान हलवणं ओळखलं. सांधा बसला की ते स्वतः तसंच करत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं आणि त्यांनी वाटीतले स्क्रू उगाच मोजले.

मध्ये एकदाच खटका उडाला. प्रोसेसरवर लावायची पांढरी पेस्ट होती, चिमूटभर नळी, आणि किंमत ऐकून मिस्त्री दुखावले. डिंकच तो, आपल्याकडे बादलीभर आहे, असं म्हणत ते उठले. मुंगीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांचा शर्ट मागून धरून त्यांना खाली बसवलं.

संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. मुंगीने खेळ आत भरून घेतला, दहा मिनिटं इकडेतिकडे फिरून पाहिलं, समुद्र असा हलला की सिस्टरनी टेबलावरचं पाण्याचं भांडं उचलून बाजूला ठेवलं. घरात त्या दिवशी तिघंही खूश होती.

रविवारी एक वाजता मुंगी सरावाला बसली. बाराव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला. काही धूर नाही, आवाज नाही, पडदा नुसता काळा. तिने पुन्हा चालू केला. नवव्या मिनिटाला बंद. पुन्हा चालू केला, सहाव्या मिनिटाला बंद. सामना चाळीस मिनिटांचा होता.

चौथ्या वेळी तिने पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या तापमानाचा आकडा लावून ठेवला आणि तो वाचला. "शहाण्णव."

"शहाण्णव?" सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मग काळजी कसली? ताप नाहीच. उलट जरा कमीच आहे."

मुंगीने सांगितलं, की हे थर्मामीटरमधलं माप नाही, पाणी शंभरावर उकळतं त्यातलं शहाण्णव. सिस्टरनी मनात गणित केलं आणि हातातला डाव खाली ठेवला. त्यांच्या मापात ते दोनशे पाच भरत होतं! पंचवीस वर्षांत त्यांनी एकशे सहाच्या वर गेलेला पेशंट पाहिला नव्हता. त्या धावत आल्या आणि पेटीच्या माथ्यावर पालथा हात ठेवला. पेटी गार होती.

"बघ," मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "उष्णता बाहेर येतच नाही."

मुंगीने बाबांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. पण बोलायचं कसं, हे काही कळेना. तिने नुसतं दार उघडं ठेवून पाहिलं, तर कॉम्प्युटर सतरा मिनिटं टिकला. मिस्त्रींनी त्यावरून असा निष्कर्ष काढला, की कार्ड सदोष आहे आणि दुकानदाराने फसवलं. त्यांनी फोन उचलला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण कॉम्प्युटरवाला जेवणावरून उठून तीन वाजता दारात हजर झाला.

तो आत आला, त्याने टेबलावरची पेटी पाहिली आणि तो जागीच उभा राहिला. मग जवळ जाऊन त्याने तिच्या अंगावरून हात फिरवला. सांध्यावरून नख ओढून पाहिलं, नख कुठे अडकलं नाही. दार उघडून लावलं, 'हुफ्'. पुन्हा उघडून लावलं, पुन्हा 'हुफ्'. तो विचारात पडला.

"मिस्त्री, हवा आत कुठून जाते?"

"कुठूनच नाही," मिस्त्री म्हणाले.

कॉम्प्युटरवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि त्याच्या त्या सावकाश आवाजात सगळं सांगितलं. हे यंत्र श्वास घेतं. गार हवा आत ओढतं, गरम हवा बाहेर टाकतं. पत्र्याच्या पेटीला भोकं असतात ती त्यासाठी. ही पेटी बंद केली, की ते आपलीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढत राहतं आणि जीव वाचवायला स्वतःहून बंद पडतं. कार्डाचा काही दोष नाही.

"इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "यात कॉम्प्युटर सोडून काहीही ठेवा."

मिस्त्री स्टुलावर बसले. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आजही ठेवलं नव्हतंच, हेच फार वाईट होतं. काम चुकलं असतं तर दुरुस्त तरी केलं असतं. बिनचूक झालं म्हणून मुलीचं नुकसान होणार होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. दोन वर्षं ती कुणाकुणाबरोबर कशासाठी झटत होती हे विचारायलासुद्धा आपण गेलो नाही, आणि गेलो तेव्हा हे करून ठेवलं, असं त्यांच्या मनात आलं. लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. ते उठले, ड्रिल मशीन घेऊन आले आणि अकरा वर्षं जपलेल्या सागवानावर त्यांनी टोक टेकवलं.

कॉम्प्युटरवाल्याने त्यांचा हात धरला. भुसा आत पडला तर सगळंच संपेल, आधी सगळे भाग बाहेर काढायला हवेत, त्याला दोन तास लागतील. मागची फळी काढून टाकावी म्हटलं, तर ती निघेना. मिस्त्रींनी केलेला सांधा मिस्त्रींनाही उकलत नव्हता. तीन पस्तीस झाले. तिघंही मोठी माणसं एकाच वेळी बोलायला लागली.

"बाबा, ड्रिल ठेवा. पंखा आणा."

तिघांनीही मुंगीकडे वळून पाहिलं. हा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता. तो चढा नव्हता, पण त्यात हो-नाहीला जागाच नव्हती. मिस्त्रींनी ड्रिल ठेवलं आणि पंखा आणला, आणि आपण कधी उठलो हे त्यांना आठवेना.

पंखा जुना, उभा, छातीएवढ्या दांड्याचा. त्याला एक खोड होती. मान थांबवायची त्याची खुंटी तुटली होती, त्यामुळे तो सतत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बघत राहायचा. पेटीचं दार सताड उघडून तो समोर लावला. पंख्याने पेटीकडे पाहिलं की आकडा उतरे, खिडकीकडे पाहिलं की चढे. शेवटी मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पंख्याची मान धरली. पंखा मान सोडवायला बघत होता, आत खडखड करत होता, पण मिस्त्री सोडायला तयार नव्हते. सिस्टरनी कागद घेऊन तापाचा तक्ता आखला. दर दोन मिनिटांनी कॉम्प्युटरवाला आकडा सांगे आणि त्या लिहून घेत.

चार वाजता सामना सुरू झाला.

मिस्त्री बसले होते तिथून पडद्याची फक्त कड दिसत होती. ना बेट दिसलं, ना समुद्र, ना ते दीपगृह. इतरांचे आवाज मुंगीच्या हेडफोनमध्ये होते. त्यांच्यासमोर होता फक्त मुलीचा चेहरा, तोही एका बाजूने. तो चेहरा त्यांनी जन्मापासून पाहिला होता आणि आत्ता तो त्यांना ओळखू येईना. डोळे पडद्यावर असे रोखलेले, की पापणी लवत नव्हती. बोटं स्वतःची स्वतः चालत होती. ती बोलत होती, तीच, जी घरात दिवसाला दहा वाक्यं बोलायची.

"डावीकडून कुणी जाऊ नका. थांबा. अजून थांबा. त्यांना वर येऊ दे. आता."

मिस्त्रींना त्यातलं काही कळत नव्हतं. पण एवढं कळत होतं, की ती 'थांबा' म्हणाली की चार शहरांतली चार माणसं थांबताहेत आणि 'आता' म्हणाली की निघताहेत. त्यांच्या हाताखाली आजवर बरेच सुतार होऊन गेले होते, एकाच वेळी चौघं कधी ऐकत नसत. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, आकडा ऐंशीवर गेला, ब्याऐंशीवर गेला, पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आला. मिस्त्री आ वासून मुलीकडे बघत राहिले. या मुलीला आपण मुंगी म्हणतो, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

अडतिसाव्या मिनिटाला तिने श्वास रोखला. मिस्त्रींनीही रोखला. सिस्टरनी तक्ता लिहायचा थांबवला.

"सोडू नका," मुंगी म्हणाली. ती कुणाला म्हणाली ते नक्की सांगता येत नाही, पण मिस्त्रींनी पंखा आणखी घट्ट धरला.

मग तिने दोन्ही हात वर केले आणि खुर्चीत मागे टेकली. हेडफोनची वायर ओढून काढली, तशी स्पीकरमधून चार माणसांची एकच आरोळी खोलीत शिरली. कॅप्टन, कॅप्टन, असं सगळे ओरडत होते. सिस्टरनी विचारलं, हा कॅप्टन कोण? कॉम्प्युटरवाल्याने मुंगीकडे बोट दाखवलं. मिस्त्री हे ऐकून पुन्हा एकदा थक्क झाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यामुळे आलं असं त्यांनी नंतर सांगितलं, पण पंख्याचं तोंड पेटीकडे होतं.

आरडाओरडा ओसरल्यावर चौघांनी नव्या मशीनची चौकशी सुरू केली. या पोरांची हीच पद्धत, सामना झाला की आधी प्रोसेसर विचारतात. मुंगीने प्रोसेसर सांगितला. कार्ड सांगितलं, त्यावर एकाने शिट्टी वाजवली. एवढ्या बजेटमध्ये हे कार्ड बसवलंस कसं, असं त्याने विचारलं, आणि ते तापतं फार, हेही सांगितलं.

"कूलर कुठला लावलायस?" तो म्हणाला. "सगळा वेळ मागे खडखड ऐकू येत होती."

मुंगीने उजवीकडे पाहिलं. मिस्त्री अजून गुडघ्यांवर होते, केस उभे राहिलेले, पंख्याची मान दोन्ही हातांत. सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी सोडली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली.

"ही कंपनी ऐकली नाही कधी," पलीकडून एक जण म्हणाला. "चांगली आहे का?"

"जुनी आहे. आवाज जरा जास्त करते," मुंगी म्हणाली. "पण मध्येच बंद पडत नाही."

"मस्त. लिंक पाठव, मीपण मागवतो."

"नाही मिळणार," मुंगी म्हणाली. "एकच पीस होता."